बायचे गाऱ्हाणे

जत्रेच्या सकाळी देवळात गाऱ्हाणे झाले, आणि त्यानंतर बाय बोलली.

पेडण्याजवळच्या आमच्या गावात ती बालवाडीची बाई होती. मी शेजारच्या खोलीत चौथीला शिकवायचे. काहीही विचारा, पदराचे टोक बोटाला गुंडाळत ती म्हणे, "मागीर सांगतां," म्हणजे नंतर सांगते. खतखते कसे करतेस? मागीर सांगतां. आज पोरे किती आली? मागीर सांगतां. हेडमास्तर वैतागत, "बाय, हांव रिटायर जातकच सांगतली काय गो?" ती हसायची, आणि तरीही सांगायची नाही. अशी माणसे तुम्हालाही भेटली असतील. आपण त्यांना गमतीशीर म्हणतो आणि पुढे जातो.

गोवा नुकतेच राज्य झाले होते. मराठी की कोंकणी यावर चहाच्या दुकानात पुरुषांचे आवाज अजून चढत. एका दुपारी चहात पाव बुडवताना बाय म्हणाली, "भाशेर इतले उलयतात गो हे दादले. माका एक गजाल सांगूंक तोंड फुटना."

"कसली गोष्ट?"

या वेळी तिने सांगितले. आठ वर्षांची असताना ती थोरल्या चुलत्याकडे पेटी शिकायला जायची. तो दार लावून घ्यायचा आणि तिच्या अंगाला हात लावायचा. आईला सांगितले, तर आईने गप्प राहायला सांगितले. ती गप्प राहिली. चुलता आता गावाचा भजनीबुवा झाला होता, देवळात गाऱ्हाणेही तोच घालायचा. जत्रेनंतरच्या सोमवारपासून गावातल्या मुली त्याच्या घरी भजन शिकायला जाणार होत्या. त्यांत माझ्या वर्गातल्याही होत्या.

"घरोघर जाऊन आयांना सांगू या," मी म्हटले.

"घरोघर सांगलें जाल्यार घरोघर पुरतले," ती म्हणाली. पावाचा भिजलेला तुकडा कपात पडला होता. तिने तो चमच्याने काढला नाही.

गाऱ्हाणे म्हणजे काय, ते आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असते. एकजण गावाच्या वतीने देवाशी बोलतो, आणि प्रत्येक वाक्यामागे सगळे मिळून "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्या सकाळी चुलत्याने पाऊसपाणी मागितले, गुरांना सुख मागितले, पणजीला नोकरी करणाऱ्या मुलग्यांची बढती मागितली. शेवटी भजन शिकणाऱ्या मुलींना गोड गळा मागितला. "व्हय म्हाराजा!" माना खाली, हात जोडलेले.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने बाय पुढे आली. हात जोडून, त्याच चालीत तिने सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, ल्हान आसताना हांव ह्या चुलत्याकडेन पेटी शिकपाक वतालें!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे म्हणाले. कुणी मान वर केली नाही.

"दार लावन हो माज्या आंगाक हात लायतालो!"

"व्हय म्हारा..." आवाज मध्येच तुटला. माना वर आल्या. काहींच्या तोंडून शब्द आधीच पुरा निघून गेला होता, तो आता परत घेता येत नव्हता.

"गावच्या चेडवांक त्या घरा धाडूं नाकात, म्हाराजा!"

जोडलेले हात खाली आले. मग ढोलाजवळून एकच खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!" ढोल वाजवणारा म्हातारा ठार बहिरा होता; सगळे त्याला भेरोच म्हणत. देवाकडे बघत, भक्तिभावाने म्हणाला बिचारा.

चुलता पायऱ्या उतरून गेला. भटांनी घाईने आरती लावली.

त्या सोमवारी एकही मुलगी त्याच्या घरी गेली नाही. कारण कुणी सांगितले नाही. एक आई मला म्हणाली, "पेटी बिघडल्या म्हणटात." पुढे डिचोलीहून एक बाई येऊ लागल्या, आणि भजनाचा वर्ग शाळेच्या पडवीत भरू लागला. मुली मोठ्याने गायच्या. बालवाडीच्या खोलीत बसून बाय ऐकायची. वर्ग इथे का भरतो, हे त्या मुलींना माहीत नव्हते.

गावाने तिला वाईट म्हटले नाही. नुसते बोलणे कमी केले. म्हापशाहून येणाऱ्या बसमध्ये तिच्या शेजारची जागा गर्दीतही रिकामी राही. गणपतीच्या चवथीला मूळ घरी सगळे कुटुंब जमे. भावाने तिला बोलावणे बंद केले. त्यांची आरती तिच्या ओसरीपर्यंत ऐकू यायची. मी नेवऱ्या घेऊन जायचे. आरती संपेपर्यंत आम्ही दोघी त्या खायचो.

एकदा मी विचारले, "बाय, पस्तावलीस का गं?"

ती हसली. "ना गो. पूण माज्या बाजून एकलोच उरलो, आनी तोय भेरो."

गेल्या पावसाळ्यानंतर ती गेली. भावाने अग्नी दिला आणि स्मशानातूनच तो परस्पर घरी गेला. तिच्या घराला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे. ती मागायला अजून कुणी आलेले नाही.