केशवरावांची समुद्रमोहीम

धंतोलीतल्या केशवरावांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, तोही चौपाटीवर भेळ खाता खाता. तरी बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी अख्ख्या समुद्राचा कारभार डोक्यावर घेतला होता. परक्या देशांची जहाजं भर समुद्रात मैलोन्मैल लांब जाळी तरंगत सोडतात आणि अंडी घालायला दूर निघालेले मासे वाटेतच त्यांत अडकून मरतात, हे त्यांना कुठल्याशा व्याख्यानात कळलं. गोष्ट खरी होती, वाईटही होती. पण ती केशवरावांच्या हाती लागली, हे तिचं दुर्दैव. दूधवाला, दाताचा डॉक्टर, बारशाला जमलेले पाहुणे, कुणीही त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. चार-पाच देशांची तर ते रोज नाव घेऊन हजेरी घेत.

एका पावसाळ्यात काटोलकडून लहानू आणि बायजाबाई त्यांच्याकडे आले. तिकडच्या एका तलावावर मासे धरून पोट भरणारं हे जोडपं. नाल्याला पूर आला की तलावातले मासे अंडी घालायला नाल्यानं वर चढतात, आणि नेमकं त्या नाल्याच्या तोंडाशी शेजारच्या फार्महाऊसवाल्यानं आडवं जाळं बांधलं होतं. हा फार्महाऊसवाला धर्मेंद्र म्हणजे केशवरावांचा एकुलता एक जावई.

"मासोळी वर गेली नाही त पुढच्या साली तलावात काही राहत नाही, साहेब," लहानू म्हणाला. "आमी सांगून थकलो. तुमी एक शब्द टाका."

केशवरावांनी आधी चहा मागवला आणि मग समुद्र काढला. अंडी घालायला निघालेल्या जिवाची वाट अडवणं हे पाप आहे, असं ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले.

"हेच जवायबापूले सांगा नं," बायजाबाई म्हणाली. "आमी त्याच्याचसाठी आलो."

केशवरावांची मूठ टेबलावरच राहिली. दिवाळीला ज्याला पाटावर बसवून ओवाळायचं, त्याला जाळं काढ म्हणायचं? देशांना झापणं सोपं होतं. त्यांतला एकही देश रुसून मुलीला माहेरी आणून सोडणार नव्हता.

तेवढ्यात धर्मेंद्रच डबा घेऊन दारात उभा राहिला. "बाबा, गाभोळी आणली. एकदम ताजी हाये."

लहानू उठून उभा राहिला. सगळे केशवरावांच्या तोंडाकडे पाहू लागले.

"या जावईबापू, हातपाय धुवा," केशवराव म्हणाले. मग लहानूकडे वळले. "तू पुढच्या वेळी फोन करून येत जा गा."

त्या दुपारी त्यांनी तळलेली गाभोळी, म्हणजे माशांच्या पोटातली अंडीच, दोनदा मागून घेतली.

पुढच्या वर्षी तलाव रिकामा निघाला. लहानू संत्र्याच्या पेट्या उचलायला लागला. केशवरावांना हे कळलं तेव्हा त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि लगेच एक कल्पना सुचली. त्यांनी गाडी पाठवून दोघांना परदेशी जाळ्यांविरुद्ध भरवलेल्या आपल्या सभेला बोलावलं. आता तरी साहेब जावयाचं नाव घेतील, या आशेनं ती आली.

"परदेशी जाळ्यांची झळ पार काटोलपर्यंत पोचली," केशवराव मंचावरून गरजले, "आणि हा त्याचा जिवंत पुरावा!" त्यांनी लहानूच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. पहिल्या रांगेतून सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या धर्मेंद्रनं.

लहानू खाली उतरला. बायजाबाईनं त्याच्या खांद्यावरची शाल काढली, नीट घडी केली, आणि टाळ्या वाजवणाऱ्या धर्मेंद्रच्या मांडीवर नेऊन ठेवली.

"हा मान तुमचा हाये, जवायबापू," ती म्हणाली.