पुढची चाकं ओढेनात

फोन आला तेव्हा मी ओतूरच्या घरी मधाच्या बरण्या पुसत होते.

"ताई, तुमच्या पेट्यांवर हा नंबर हाय म्हून लावला. मी आण्णाच्या शेजारचा, अलीम मिस्त्री. माझ्या मिरचीवर फुलकिडे पडलेत. परवा सकाळी औषध मारणार हाय. तुमची माशी मरंल. घेऊन जावा."

मी मधमाश्या पाळते. हिवाळा सरत आला की पेट्या पिकअपमध्ये घालून बीड जिल्ह्यात, नांदूरघाटजवळ ज्ञानोबा आण्णांच्या शेतात नेऊन ठेवते. आण्णा कांद्याचं बी धरतात. माश्या फिरल्या की त्यांचं बी चांगलं भरतं आणि मला मध मिळतो. या वर्षी माझ्याजवळच्या जवळजवळ सगळ्या माश्या तिथेच होत्या. त्या गेल्या असत्या तर माझा धंदाच बसला असता.

पण विष मारणारा माणूस आधी फोन करून कळवतो, हे काही माझ्या पचनी पडेना. तेवढ्यात आण्णांचा फोन. "त्याच्या नादी लागू नका. तो काय फवारत न्हाई. कांद्याच्या फुलांचे गोंडे आत्ता कुठं भरात आलेत, अजून आठ दिस राहू द्या." म्हणजे एकाला माश्या लगेच जायला हव्या होत्या, दुसऱ्याला राहायला हव्या होत्या, आणि दोघंही माझ्याशी फार गोड बोलत होते. माझा नवरा म्हणतो, मी दूधवाल्याकडेसुद्धा ओळखपत्र मागेन. म्हणू दे. दुसऱ्या दिवशी सकाळची कामं उरकून मी एकटी निघाले.

आळेफाटा, अहिल्यानगर, कडा, आष्टी, जामखेड. ऊन चढत गेलं आणि झाडं कमी होत गेली. पाटोद्याच्या पुढे बालाघाटाचे माळ लागले, उघडे, करड्या रंगाचे, माथ्यावर पवनचक्क्या. मध्येच एखादा पळस लालभडक पेटलेला. मांजरसुंब्याहून वळून नेकनूरला आले आणि चहाला थांबले. चहावाल्याने कप ठेवता ठेवता चौकशी सुरू केली.

"कुण्या गावच्या?"

"लांबच्या."

"एकट्याच? गाडीत काय हाय?"

"रिकामी आहे."

"रिकामी गाडी घेऊन इतक्या लांब कावून (का बरं) आलात?"

मला एकदम वाटलं, हा कुणाला तरी कळवणार. मी घाईने उठले तर त्याने मागून हाक मारून विसरलेला गॉगल हातात दिला. तरीही निघताना मी आरशातून बघून घेतलंच, की तो फोन करतोय का. तो कपबश्या विसळत होता.

आण्णांच्या वस्तीवर जायला एक ओढा ओलांडावा लागतो. वरच्या बंधाऱ्याचं पाणी झिरपत असतं, आणि तिथली काळी माती ओली झाली की चाकाला धरून ठेवते. साध्या गाडीचं ते काम नाही. माझी पिकअप जुनी असली तरी फोर बाय फोर आहे. समोरचा खटका फिरवला की हिरवा दिवा लागतो आणि मागच्यांबरोबर पुढची चाकंही ओढायला लागतात. ती विकत घेताना मी आधीच्या मालकाला नदीतून तीनदा ये-जा करायला लावली होती. त्या संध्याकाळी खटका फिरवला, दिवा लागला, गाडी चिखलातून शहाण्यासारखी वर आली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे सगळं त्यावरच अडलं.

रात्री जेवायला येसराची आमटी (येसर म्हणजे भाजलेलं धान्य आणि मसाल्यांची पूड), ज्वारीची भाकरी आणि फोडलेला कांदा. वाढायला आण्णांच्या पत्नी, रुक्मिणकाकू. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"एवढी गाडी तुमीच चालवता?"

"हो."

"समदा रस्ता?"

"समदा."

त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. आण्णांचं मात्र आठ दिवसांचं पालुपद चालूच होतं. ते हसत बोलत होते, पण एका वाक्याच्या आत पुन्हा तिथेच येत होते. जेवून मी हात धुवायला अंगणात आले तर गाडीच्या पुढच्या चाकापाशी कुणीतरी बॅटरी घेऊन वाकलेलं. आण्णाच होते. मला पाहून ताठ झाले.

"टायर बघत हुतो," ते म्हणाले. "लई रुंद हायती."

टायर बघायला रात्रीची वेळ कशाला लागते, असं मी विचारलं नाही. पण किल्ली उशाखाली घेऊन झोपले.

पहाटे माश्या बाहेर पडायच्या आत पेट्यांच्या दारांना जाळ्या लावल्या. पेट्या ओढ्याकाठी बाभळींच्या सावलीत होत्या. आण्णांनी दोन गडी दिले होते. तोंडाने नाराजी दाखवत होते, पण पेट्या उचलताना हात लावत होते. सगळ्या चढवून दोर आवळले. खटका फिरवला आणि गाडी ओढ्यात घातली. हिरवा दिवा लुकलुकायला लागला, पण स्थिर होईना. मागची चाकं फिरून चिखल उडवायला लागली आणि पुढची दोन्ही नुसती उभी. गाडी हळूहळू मागून खाली बसली.

मी खटका बंद करून पुन्हा चालू केला. थोडी मागे घेऊन पाहिली. फ्यूज काढून बघितला, तो चांगला होता. काल चाललेली वस्तू एका रात्रीत बिघडते कशी? मी वळून बघितलं. आण्णा बांधावर उकिडवे बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला तरी फारसं दुःख दिसलं नाही.

तेवढ्यात पाठीवर फवारणीचा पंप अडकवून मोटारसायकलवर अलीम मिस्त्री आले. पन्नाशीचे, दाढी मेंदीने रंगवलेली. यांचं नांदूरघाटात गॅरेज होतं. म्हणजे माझ्या माश्यांवर विष मारणारा आणि माझी गाडी दुरुस्त करू शकणारा, असे दोन्ही एकाच पायजम्यात.

"तुमी चालू करा, मी खालून बघतो," म्हणत ते चिखलात आडवे झाले. थोड्या वेळाने बाहेर आले. "पुढचा दांडा फिरतोय, चाक न्हाई फिरत. हब लागंना." हब म्हणजे चाकाच्या मधला तो भाग, जो दांड्याला चाकाशी जोडतो. "खोलावा लागंल. हत्यारं गॅरेजात हायती. आणून, खोलून, दोन-तीन तास धरा."

ऊन बाभळीच्या शेंड्यावरून खाली उतरत होतं. मी एका पेटीला कान लावला. बंद पेटीत माश्या घाबरल्या की त्यांची गुणगुण चढते आणि चढतच राहते. उन्हात अशा दोन तासांत पोळी मऊ होऊन खाली बसतात आणि माश्या आपल्याच मधात बुडून मरतात. दारं उघडावीत तर समोर मिरचीचं रान, आणि त्या रानाच्या मालकाच्या पाठीवर पंप.

"उघडा पेट्या," अलीम मिस्त्री म्हणाले. "मी आज फवारत न्हाई."

"कशावरून?"

आण्णा बांधावरून ओरडले, "कावून बे, काल तर लई घाई हुती तुला?"

मिस्त्रींनी तिकडे लक्ष दिलं नाही. पाठीवरचा पंप उतरवून माझ्या पायांपाशी ठेवला. "हा तुमच्यापाशी ठेवा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "दुसरा आहे का?"

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग हसले. "हाय. बॅटरीवरचा. तोबी देतो." आणि खरोखरच मिरचीच्या कडेच्या खोपीतून दुसरा पंप घेऊन आले. मी दोन्ही पंप ड्रायव्हरच्या सीटमागे कोंबले, वर ताडपत्री टाकली आणि दार कुलूप लावून बंद केलं.

पेट्या उतरवून पुन्हा जुन्याच जागी मांडाव्या लागल्या. मधमाशी आपली जागा विसरत नाही; पेटी दुसरीकडे ठेवली तर ती जुन्या जागेवर घिरट्या घालत बसते. जाळ्या काढल्या तशा माश्या भसाभस बाहेर पडल्या आणि ओढ्यावर पाण्याला गेल्या. आता त्या अंधार पडेपर्यंत परतणार नव्हत्या. माझा एक दिवस इथेच अडकला होता आणि आण्णांना एक दिवस आयता मिळाला होता. मिस्त्री हत्यारं आणायला गेले.

हब खोलायला निघालेल्या मिस्त्रीवर डोळे मिटून भरवसा ठेवणारी मी नव्हे. मी स्वतः चाकाखाली शिरले. आमच्या गाडीच्या दोन्ही हबना इंजिनकडून एकच बारीक रबरी नळी येते. तिच्यातून हवा खेचली गेली की हब लागतो. मी नळी धरून वरून खाली बोटं फिरवत आले, आणि मडगार्डच्या आत माझा हात थांबला. नळीला काळा दोरा करकचून बांधला होता. दोऱ्यात ओवलेला बिब्बा. नळी तिथे चपटी झाली होती.

बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात, म्हणून मी एका गड्याच्या विळ्याने दोरा कापला आणि विळ्याच्या टोकावर धरूनच बाहेर आले. राग माझ्या डोक्यात गेला होता.

"आण्णा, हे काय? रात्री गाडीपाशी तुम्ही होता. आठ दिवसांसाठी माझ्या गाडीवर करणी केलीत?"

गडी हातातलं काम सोडून उभे राहिले. आण्णांचा चेहरा पडला. ते दोऱ्याकडे बघत राहिले. तेव्हा मागून रुक्मिणकाकू आल्या. त्यांच्या हातात चहाची किटली होती.

"त्यास्नी काय इचारता? मी बांधला."

"का?"

"बाईमाणूस एकटी एवढी गाडी घेऊन येती. नेकनुरापासून समदं बघत आसंल. नजर लागती. म्हून बांधला. सांगून बांधला तर गुण येत न्हाई. ती नळी लोंबत हुती, तिलाच बांधला. सुटू नये म्हून गाठी जरा जास्त मारल्या."

मी आण्णांकडे बघितलं. बायको नवऱ्याची चूक अंगावर घेतेय का, हेच माझ्या मनात चालू होतं. ते त्यांना कळलं असावं.

"मला ठावं न्हवतं," ते म्हणाले. "ही रातच्याला गाडीकडून आली, म्हून मी जाऊन बघितलं. मला काय दिसलं न्हाई." मग म्हणाले, "आन खरं सांगू का, तुमची गाडी अडली तवा मला वाईट वाटलं न्हाई."

या शेवटच्या वाक्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. आळ मी घेतला होता तो चारचौघांत, तेव्हा माफीही गड्यांसमोरच मागितली. काकूंनी चहा ओतला.

चपटी नळी बोटांनी दाबून गोल केली. इंजिन सुरू केलं, खटका फिरवला. दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला. पुढच्या चाकांनी चिखलात पकड घेतली, ओढलं, आणि गाडी ओढ्याबाहेर आली. मला इतकं हलकं वाटलं की मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत बसले. मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन पोचले तेव्हा त्यांना किंचित निराशाच झाली असावी. ते मिरचीकडे गेले आणि एक पान खुडून आणून मला दाखवलं. पान कडेने आत वळलं होतं.

"उद्यापर्यंत दम धरंल," ते म्हणाले.

"मग तुम्ही मला फोन का केलात? गुपचूप मारलं असतं तर?"

"मागं एकाच्या पेट्या अशाच गेल्या माझ्या फवाऱ्यानं. हौदात माशा तरंगत हुत्या. पोरीनं दोन दिस त्या हौदाचं पाणी घेतलं न्हाई."

एवढं ऐकूनही दिवसभर मी बांधावर मिरचीकडे तोंड करून बसले. गॅरेजात तिसरा पंप नसेलच कशावरून?

दुसऱ्या पहाटे घाईघाईने पेट्या बंद केल्या, चढवल्या. काकूंनी या वेळी मला विचारून आरशाच्या दांड्याला दोरा बांधला. मिस्त्री अजून आले नव्हते. ऊन चढायच्या आत जितकं अंतर कापता येईल तितकं कापायचं होतं. ओढा पार केला, मांजरसुंबा, जामखेड करत कुठेही न थांबता निघाले आणि दुपारी घरी पोचले. पेट्या मांडून जाळ्या काढल्या तेव्हा माश्या बाहेर आल्या आणि नवीन जागेभोवती गोल फिरून ती ओळखायला लागल्या.

पुढचे दोन दिवस मी पेट्यांसमोर पांढरं कापड अंथरून ठेवलं. विष बाधलेली माशी दारातच येऊन पडते, ती कापडावर दिसते. मिस्त्रींनी त्या दिवशी कुठूनतरी एखादा फवारा मारून घेतला असेल तर मला तिथे कळणार होतं. कापड कोरं राहिलं. तेव्हा कुठे मी त्यांना फोन लावला.

"मिस्त्री, फवारलं का मग?"

"कशानं फवारू ताई? पंप तुमच्यापाशी हायती."

मी फोन कानाला धरूनच गाडीकडे धावले. सीटमागे, ताडपत्रीखाली, दोन्ही पंप.

"अहो, मग फोन नाही का करायचा? गावात दुसऱ्या कुणाचा पंप मिळाला असता."

"मिळाला असता की. पर मला वाटलं तुमी जाणूनच नेले. माशी जिती हाय का मेली, ते घरी जाऊन बघणार, मग सांगणार. तवर मारायचं न्हाई, असं मी धरलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला ओळखायला त्यांना एक सकाळ पुरली होती, आणि मी मात्र दोन दिवस त्यांना पांढऱ्या कापडावर तपासत होते. मला फार लाज वाटली.

"मिरची कशी आहे?" मी विचारलं.

"वरचे शेंडे गेले. खालचे हायती."

"मी आत्ता निघते. रात्रीपर्यंत पंप आणून देते."

"सावकाश या," अलीम मिस्त्री म्हणाले. "ओढा अजून वला हाय."