पुसट आलेला हात

निवृत्तीनंतर मी फोटोग्राफी शिकू लागले. क्लासमधल्या बाई म्हणायच्या, ऑटोवर काढू नका; शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते स्वतः ठरवा. म्हणून एका दुपारी खिडकीपाशी बसलेल्या यजमानांचे फोटो काढत होते. शटर जरा सावकाश ठेवलं होतं. चेहरा, चष्मा, खुर्ची स्वच्छ आली, पण खुर्चीच्या हातावरचा त्यांचा उजवा हात तेवढा पुसट. तीनदा काढला, तिन्ही वेळा तसाच.

“माझंच काहीतरी चुकतंय,” मी म्हणाले.

“तुझं नाही चुकत. हात थरथरतो माझा. दिवाळीपासून.”

तेव्हा आठवलं, हल्ली ते चहाचा कप डाव्या हातानं घेतात. रोज मीच तर देते. इतकी वर्षं समोर असलेल्या माणसाकडे आपण बघणं कधी सोडून देतो, ते कळतही नाही.

“हात स्थिर दिसेल असा येतो का?” त्यांनी विचारलं.

शटरचा वेग वाढवला की येतो. मी काढला.

“हा मुलीला पाठव. तिला बाकी काही सांगू नकोस.”

पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं, ‘बाबा किती छान दिसतायत.’ ते मी त्यांना वाचून दाखवलं.