घोड्याकडे पाठ करून चार दिवस

लोक लग्नाला जातात आणि साडी किंवा भांडं घेऊन परततात. मी भाच्याच्या लग्नाला गेले आणि घोडी घेऊन आले. वरातवाला धंदा बंद करून सजवलेली मोटार घेणार होता, नवरदेव उतरल्यावर ती पांढरी घोडी मांडवाच्या कडेला एकटीच उभी होती, आणि दिंडोरीजवळच्या आमच्या शेतात एक गोठा रिकामा होता. एवढं कारण मला पुरलं. माझ्या नवऱ्याला, सुधीरला, ते अजूनही पुरलेलं नाही.

तिचं नाव बिजली. मी गोठ्याच्या दारात गेले की ती नाचायची. मान वळवून, पुढचे पाय आळीपाळीने उचलत, अगदी ठेक्यात. मी खुळ्यासारख्या टाळ्या वाजवायचे, मोबाइलवर तिचे व्हिडिओ काढायचे, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे. पण तिच्याजवळ दावं घेऊन कोणी गेलं की हीच बिजली भिंतीला चिकटून डोळे फिरवायची. दिवाळीत एकदा तिने दावं तोडलं आणि सुधीर भिंतीवर आपटला. महिनाभर त्याचा हात गळ्यात होता. तो चिडला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, "पौषात लग्नं नसतात. तिचा व्हिडिओ पाहून नाशिकचा एक वरातवाला संक्रांत झाली की तिला बघायला येतोय. त्याला आवडली तर तो घेऊन जाईल. तोवर तुला काय करायचं ते कर."

म्हणजे माझ्या हातात संक्रांतीपर्यंतचा वेळ होता. नाल ठोकायला येणाऱ्या आमच्या नालबंदाला मी विचारलं, कोणी चांगला शिकवणारा आहे का. तो खिळे तोंडात धरूनच म्हणाला, "इकडे सगळे छडीवाले. माझ्या उस्तादांकडे, करीमचाचांकडे जा. यवतमाळ जिल्हा, बाभुळगाव." खिळे काढल्यावर त्याने एक गोष्ट आणखी सांगितली. घोडी सोबत नेऊ नका, ते आधी माणसाला शिकवतात.

जायचं असेल तर रस्ता सोपा आहे. नाशिकरोडहून रात्रीची नागपूरकडची गाडी धरली की सकाळी धामणगावला उतरता येतं. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खा, पण तर्री जरा बेतानं घाला, मी डोळ्यांत पाणी आणून खाल्ले. तिथून यवतमाळला जाणारी एसटी बाभुळगाववरूनच जाते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीची जागा मिळाल्यावर मला उगाच श्रीमंत वाटलं. बाहेर धुकं होतं. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस लागला होता, आणि धुकं कुठे संपतं अन् कापूस कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. मी अर्धवट झोपेत होते. शेजारच्या बाईंनी कोपराने हलवलं.

"कुठं जाऊन राह्यल्या जी तुमी?"

मी सांगितलं, घोडे शिकवणारे करीमचाचा.

"बाप्पा! त्या घोड्यावाल्या चाचाकडे नाशिकहून आल्या? तो तर घोड्यायले काहीच शिकवत नाही. नुसता बसून राह्यते."

पुढच्या सीटवरचा म्हातारा मागे वळून हसला. माझी झोप तिथेच उडाली.

चाचांचं घर बाभुळगावहून कळंबच्या रस्त्याला, तुरीच्या शेताच्या कडेला आहे. सत्तरीचे असावेत. किडकिडीत, पांढरी दाढी, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागतं. मी खास कोल्हापुरी गुळाचे खडे पिशवीत भरून नेले होते, घोड्याची मर्जी सांभाळायला. चाचांनी पिशवी उघडून वास घेतला आणि ती चाचींच्या हातात दिली.

"चहात टाक. बेस गूळ आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गूळ दिला का घोडा खिशाशी दोस्ती करते, ताई. माणसाशी नाही."

यवतमाळला बसस्टँडजवळ लॉज बरे आहेत, बाभुळगावहून पाऊण तासाच्या आत पोचता येतं, आणि मी तिथेच राहणार होते. पण चाचींनी माझी बॅग उचलून आतल्या खोलीत ठेवली आणि वर मलाच रागावल्या, "चार भाकरी जास्त टाकल्यानं माही चूल मोडणार नाही." मी मांसाहार करत नाही हे कळल्यावर चारही दिवस त्यांनी त्याचा बाऊ न करता अंबाडीची भाजी, ओल्या तुरीच्या दाण्यांचं वरण आणि ज्वारीची भाकरी वाढली. त्या वरणाची चव आठवली की अजून मला बाभुळगावची गाडी पकडावीशी वाटते.

पहिला धडा दुपारी सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत तोच चालला. कापणी झालेल्या मोकळ्या तुकड्यात मोती नावाचा तांबडा घोडा चरत होता. चाचांनी मला एक पोतं दिलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसायला सांगितलं.

"मग?"

"मंग काही नाही."

मी बसले. पहिला अर्धा तास मी मनात सुधीरशी भांडले. दुसरा अर्धा तास माझ्या पाठीला सगळं ऐकू येत होतं. गवत तुटण्याचा आवाज, शेपटीचा, खुराखालच्या ढेकळाचा. ऊन उतरलं होतं. कधीतरी मला भांडण आठवेनासं झालं, ऑफिस आठवेनासं झालं, आणि मी फक्त एक पोत्यावर बसलेली बाई उरले. तेव्हा मानेवर गरम श्वास आला. मी हलले नाही. मोतीने माझे केस हुंगले, फुर्र केलं आणि पुन्हा चरायला लागला. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दोर हातात आला. दोर हलकासा ताणायचा, थांबायचं, आणि घोड्याने बोटभरही मान आपल्याकडे दिली की त्याच क्षणी सैल सोडायचा. ऐकायला सोपं आहे. मी दर वेळी उशीर करत होते. मोती मान द्यायचा आणि मला आणखी थोडी हवी असायची.

"त्यानं दिलं ना?" चाचा म्हणायचे. "मंग तुमी कायले ओढून राह्यल्या? देल्यावरही ओढलं तर तो कायले देईन?"

हे वाक्य घोड्यांपुरतंच नाही, हे मला तिथेच कळलं, पण ते सुधीरला सांगायचं नाही असंही मी तिथेच ठरवलं. दुपारनंतर एकदा माझा हात वेळेवर सुटला. मोतीने जीभ फिरवली, तोंड चघळल्यासारखं केलं आणि मान खाली सोडली. चाचा म्हणाले, "आता त्याच्या डोक्यात शिरलं. आता त्याले विचार करू द्या." आम्ही तिघं तसेच उभे राहिलो. लांबवर बेंबळा धरणाच्या पाण्यावर पक्षी बसले होते आणि संध्याकाळ हळूहळू जांभळी होत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंगात आलं होतं. चहा पिताना मी फुशारकीने मोबाइल काढला. म्हटलं, चाचा, आमची बिजली बघा कशी नाचते. मला नुसतं दारात पाहिलं तरी सुरू होते.

चाचांनी चष्मा लावला. व्हिडिओत बिजली नाचत होती आणि मागे माझ्या टाळ्या ऐकू येत होत्या. त्यांनी तो पूर्ण पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. मग कप खाली ठेवला.

"ताई, टाळ्या तुमच्या?"

"हो."

"ती नाचून नाही राह्यली. ती तुमाले म्हणते का मले मारू नका."

चाची चुलीपाशी होत्या, त्यांचा हात थांबला. चाचा माझ्याकडे न बघता सांगत राहिले. वरातीच्या घोडीला नाच असा शिकवतात. ढोलाचा ठोका पडला की पायाच्या नळीवर छडी. पुन्हा ठोका, पुन्हा छडी. मग एक दिवस घोडी छडी पडायच्या आधीच पाय उचलते, आणि छडी थांबते. लोकांना वाटतं, खुशीत आहे. नोटा ओवाळतात.

"पाय उचलला का मार थांबते, एवढंच तिले ठाव. तुमी दारात आल्या का ती पयलेच उचलते. वरून तुमी ठोका देता."

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"मीच शिकवत होतो ना. माहा बाप शिकवे, मंग मी. या हातानं किती घोड्या नाचवल्या." त्यांनी हात पालथा करून पाहिला. "एक होती सुरमई. लय हुशार. एकदा भर दुपारी ढग वाजले. मी इथंच बसलो होतो. कोणी नाही जवळ, छडी नाही, ढोल नाही. अन् ती तिकडे खुंट्याले एकटी नाचून राह्यली. ढग वाजे अन् तिचा पाय उचले. ढग वाजे अन् पाय उचले. मी पाहत राह्यलो." त्यांनी चाचींकडे पाहिलं. "त्या दिवशी छडी चुलीत टाकली. हिनं त्यावर भाकरी भाजल्या."

मी उठून बाहेर गेले. वर्षभर, रोज सकाळी, मी त्या जनावराला दारातून भीती घालत होते आणि ते प्रेम समजत होते. मला माझी लाज वाटली. ग्रुपवर व्हिडिओंखाली आलेले लाल बदाम आठवून जास्त वाटली.

त्या दिवशी माझ्याच्याने दोर हातात धरवेना. चाचा म्हणाले, "आज घोड्याले सुट्टी. तुमी कळंबले जाऊन या." कळंबचा चिंतामणी गणपती जमिनीखाली आहे. पायऱ्या उतरत गेलं की बाजाराचा आवाज वरच राहतो. खाली गार होतं, कुंडाच्या पाण्याला हलका वास होता, गर्दी नव्हती. मी काही मागितलं नाही. कालच दोराचा धडा झाला होता. नुसती बसून राहिले, कोणीतरी घंटा वाजवली तेव्हा दचकले, आणि बिजलीला किती वेळा असं दचकवलं असेल याचा हिशोब मनाने सुरू केला तो मीच थांबवला. वर येऊन उकडलेल्या शेंगा घेतल्या आणि गाडीत झोपून गेले.

चौथ्या दिवशी निघताना चाचांनी मला घरासाठी धडा दिला. रोज गोठ्याच्या दारात जायचं. टाळी नाही, चुचकारणं नाही, दावं नाही. तिने पाय उचलला की आहे तिथे थांबायचं आणि श्वास सोडायचा. पाय खाली टेकला की त्याच क्षणी मागे सरकायचं.

"पाय उचलला का मार थांबते, हे ती शिकली. आता पाय खाली ठेवला का माणूस मांगं सरते, हे शिकू द्या. टाइम लागन."

"किती?"

"तिले शिकवाले जितका लागला असन, त्याहून जास्त."

संक्रांत दोन आठवड्यांवर होती. शिकवण्याचे पैसे ते घेत नाहीत. घोड्यांसाठी कडबा चालतो, तो बाभुळगावात मिळतो, पोचवायला मालवाहू रिक्षाही मिळते. नेमका पत्ता मी देत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. स्टँडवर घोड्यावाले चाचा म्हणा. लोक हसतील, पण रस्ता बरोबर दाखवतील.

घरी आले त्या सकाळी बिजली मला पाहून नाचली. मी दारात उभी राहिले, हात खाली. ती नाचत राहिली. पाच मिनिटं, सात मिनिटं. तिच्या मानेला घाम आला. ते बघणं फार अवघड होतं. मग एकदा तिचे चारही पाय जमिनीवर आले, निमिषभर, आणि मी मागे सरकले. तिने कान माझ्याकडे केले. सुधीर चहाचा कप घेऊन अंगणातून बघत होता. "चार दिवस जाऊन हे शिकून आलीस?" म्हणाला. मी हो म्हटलं. व्हिडिओचं खरं सांगितलं तेव्हा मात्र त्याने कप ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो गोठ्याजवळून जाताना आवाज नको म्हणून चप्पल हातात घेऊन जायला लागला.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी वरातवाला आला. बिजली अजूनही दावं घालू देत नव्हती. माझा हात एकदाच तिच्या मानेपर्यंत पोचला होता. तो माणूस सज्जन होता, वाईट बोलायला जागा नाही. त्याने लांबून तिची ठेवण पाहिली, मान डोलावली आणि दारात जाऊन खणखणीत टाळी वाजवली.

बिजलीचा उजवा पाय उचलला गेला. मी आत तिच्या समोर होते, पाचेक पावलांवर. मी हललेच नाही, फक्त श्वास सोडला. तिने माझ्याकडे पाहिलं. त्याने दुसरी टाळी वाजवली. तिने पाय खाली टेकला. मी मागे सरकले. तिसरी टाळी वाजली तेव्हा तिने नुसता कान हलवला.

"ही तर नाच विसरली," तो म्हणाला. "व्हिडिओत तर छान नाचत होती. आता मला हिचा काय उपयोग?"

मी काही बोलायच्या आत सुधीर पुढे झाला. दुखरा खांदा चोळत त्याला म्हणाला, "चला, चहा घ्या. आमची घोडी नाचत नाही."