मधल्या मापाची बेस गिटार

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वाद्यवृंदाचा सराव डोंबिवलीत दर मंगळवारी दीड तास असतो. त्यातला पाऊण तास वाजवण्यात जातो. उरलेल्या पाऊण तासात जे घडते, त्याची नोंद इतिवृत्तात होत नाही. त्यामुळे ते किस्से प्रत्येकाकडे वेगवेगळे साठत जातात आणि दर सांगण्यागणिक फुगतात. माझ्याकडे साठलेले मी न फुगवता सांगते. मात्र ते सगळे मला समजले आहेत, असा माझा दावा नाही.

\* \* \*

सुरुवात मोघ्यांपासून झाली. मोघे आमचे बेस गिटारवादक. ते मुलीकडे नाशिकला कायमचे राहायला गेले आणि जाताना आपली गिटार संघाला देऊन गेले. आता ती वाजवणार कोण? वाद्यवृंदाचे प्रमुख पाध्ये यांनी सगळ्यांकडे पाहिले. सगळ्यांनी जमिनीकडे पाहिले.

तेवढ्यात ऑक्टोपॅड वाजवणारे भोईर म्हणाले, "काकूंना द्या ना! भजनात इतकी वर्षं टाळ वाजवतान, कदी चुकल्यात का?"

भोईर इथलेच. संघाची इमारत आज जिथे आहे, तिथे त्यांच्या आजोबांचे भाताचे शेत होते. त्यामुळे त्यांच्या सूचनेला सहसा विरोध होत नाही.

मी म्हणाले, "अहो भोईर, टाळ आणि गिटार यांत काही फरक आहे की नाही?"

"हाय ना. तारा चार जास्त, येवराच!"

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. माझे मत कोणी विचारले नाही. विचारले असते, तर मी 'हो' म्हणाले असते, हेही नमूद करते.

\* \* \*

गिटार घरी आणली. तार छेडली. बोटाने टिचकी मारावी, तेवढा आवाज आला. पुन्हा जोराने छेडली. पुन्हा टिचकीच!

आमच्या यांची सारी नोकरी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात, पॉवर प्रेससमोर गेली. कान त्या प्रेसनेच ठेवून घेतले. आता कानाला यंत्र लावल्यावर समोरचे बोलणे तेवढे कळते. माझ्या कार्यक्रमांना हे सहा वर्षांत एकदाही आलेले नाहीत. "ऐकू येत नाही, तर येऊन काय करू? टाळ्या कधी वाजवायच्या, ते शेजाऱ्याकडे बघून ठरवू?" असे यांचे म्हणणे.

तरी मी यांनाच विचारले, "येतंय का काही ऐकू?"

"नाही."

"यंत्र लावा."

यांनी यंत्र लावले. मी पुन्हा वाजवले.

"तरीही नाही. तुला?"

"मलाही नाही!"

मंगळवारी मी पाध्यांना स्पष्ट सांगितले, "मोघ्यांनी संघाला बिघडलेलं वाद्य दिलं आहे."

पाध्यांनी शांतपणे एक वायर आणली. तिचे एक टोक गिटारीत आणि दुसरे कोपऱ्यातल्या काळ्या अॅम्प्लिफायरमध्ये खोचले. मी तार छेडली आणि कपाटातले पेले थरथरले.

"वायर निघाली की ही मुकी, ताई," पाध्ये म्हणाले. "आणि एवढ्या वाद्यांच्या गोंगाटात वाजवणाऱ्याला कळतही नाही. मोघ्यांनी एकदा अख्खं गाणं मुकं वाजवलं होतं."

"कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

"वन्स मोअर मिळाला!"

\* \* \*

खरी अडचण पुढेच होती. माझा हात लहान. गिटारीच्या दांडीवरच्या पहिल्या पडद्यावर तर्जनी ठेवली की करंगळी चौथ्या पडद्यापर्यंत पोचत नसे, आणि ओढून पोचवली की मनगटातून कळ येई. तिसऱ्या आठवड्यात खांदाही धरला. संघाचा वर्धापनदिन, म्हणजे आमचा कार्यक्रम, दोन महिन्यांवर आला होता.

पाध्ये हळूच म्हणाले, "ताई, त्यापेक्षा निवेदन करता का? तुमचे उच्चार इतके शुद्ध आहेत!"

उच्चार शुद्ध असल्यामुळे मी मॅट्रिकपासून निवेदनच करत आले आहे. दुसऱ्यांच्या गाण्यांविषयी चार चांगली वाक्ये बोलायची आणि गाणे सुरू झाले की पडद्याआड जाऊन उभे राहायचे. मी म्हणाले, "निवेदन नको. मला पेलेल अशी गिटार शोधा."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर निवेदन," मी म्हणाले. हे मी का कबूल केले, ते मला अजून उमगलेले नाही.

\* \* \*

पाध्यांनी इंटरनेटवर वाचून माहिती आणली. या गिटारींची मापे तीन: लांब चौतीस इंचांचे, आखूड तीस इंचांचे आणि मधले बत्तीस इंचांचे. मोघ्यांची चौतिसाची. माझ्यासारख्या हाताला मधले बरे.

मी शिवणाची टेप काढून मोघ्यांची गिटार मोजली. सेहेचाळीस इंच भरली! मी म्हणाले, "पाध्ये, तुमचं इंटरनेट चुकलं. यात बारा इंचांचा फरक आहे."

पाध्ये आयुष्यभर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. त्यांनी खिशातून स्टीलची टेप काढली. सेहेचाळीसच! मग माप आतून घ्यायचे की बाहेरून, खुंट्या धरायच्या की सोडायच्या, यावर जी चर्चा झाली, तीत त्या दिवशीचा सराव राहून गेला. शेवटी निष्कर्ष निघाला, की माप गिटारीचे नसतेच, तारेचे असते. वरच्या पांढऱ्या पट्टीपासून खालच्या घोडीपर्यंत जेवढी तार थरथरते, तेवढेच मोजायचे.

इतका वेळ गप्प बसलेले भोईर म्हणाले, "मंग मी काय सांगत होतो? नवऱ्याची उंची काय फेट्यासकट मोजतान?"

"मग आधी का नाही बोललात?"

"तुमी दोगं टेप घेऊन भांडत होतां, मना मजा वाटत होती!"

\* \* \*

वजनाचाही प्रश्न होता. खांद्याला किती भार सोसवेल, हे ठरवण्यापूर्वी आत्ताचा भार किती, हे कळायला हवे. भोईर मोघ्यांची गिटार घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले. हिशोब नीट व्हावा म्हणून मीही गेले. वाण्याने तांदळाचे पोते उतरवून ती काट्यावर ठेवली. चार किलो तीनशे ग्रॅम.

मागे पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाई पुढे वाकल्या. "काय भाव लावलाय हो?"

\* \* \*

कल्याणच्या दुकानात मी एकटी गेले. बेस गिटार हवी, म्हटल्यावर दुकानदार उत्साहाने उठले.

"नातवासाठी का, आजी?"

"हात लहान आहे. मधलं माप दाखवा."

"मीडियम कोणी ठेवत नाही हो. वय काय?"

"त्र्याहत्तर."

मग त्यांनी गुलाबी रंगाची एक आखूड गिटार काढली. "ही घ्या. मुलांना फार आवडते."

मी ती वाजवून पाहिली. मनगटाला काही त्रास नाही. पण सगळ्यात जाड तार अशी सैल बोलत होती, की झोपेतून उठवलेला माणूस बरा! मी नम्रपणे परत केली.

ते म्हणाले, "आजी, निळ्यातही आहे."

\* \* \*

वर्धापनदिनाला पाच आठवडे उरले, तेव्हा ठाण्याच्या एका दुकानात मधल्या मापाची जुनी गिटार आल्याचे पाध्यांना कळले. यांचे कानाचे यंत्र ठाण्यालाच दुरुस्तीला टाकायचे होते, म्हणून हेही आले. यंत्र टाकले आणि आम्ही दुकानात गेलो. खुर्ची एकच होती, ती मला दिली. हे एका मोठ्या काळ्या पेटीवर बसले.

दुकानातली मुलगी घाईने म्हणाली, "आजोबा, तो अॅम्प आहे!"

यांना ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. मी म्हणाले, "असू दे. फार वजन नाही यांचं."

मुलीने तीन गिटारी काढल्या आणि एकेक त्याच पेटीला जोडली. पहिली चौतिसाची. मी पहिला सूर वाजवला आणि हे दचकून उठले, पेटीमागे डोकावले, पुन्हा बसले. दुसरी तिसाची. हे दाराबाहेरची रहदारी पाहत राहिले. तिसरी बत्तिसाची, साडेतीन किलोंची. करंगळी चौथ्या पडद्यावर आपोआप पोचली, मनगट सरळ राहिले, जाड तारही जागी होती. पण माझा काही निर्णय होईना. इतक्या सहज जमते आहे, म्हणजे माझेच काही चुकत असणार!

मी पुन्हा पहिली मागितली. मग दुसरी. मग पुन्हा तिसरी. मुलीने घड्याळाकडे पाहिले.

यांनी दोन्ही तळहात पेटीवर टेकले होते. म्हणाले, "अगं, हीच घे."

मी हातानेच विचारले, का?

"बाकीच्या दोघींपेक्षा हिचं बोलणं स्पष्ट आहे."

मुलगी मला म्हणाली, "आजोबांचा कान चांगला आहे हां!"

मी गिटार घेतली.

\* \* \*

वर्धापनदिनाला सभागृह भरले होते. निवेदनाला दुसऱ्या एक बाई होत्या. त्यांचे उच्चार बेताचे होते, पण त्या दिवशी मी लक्ष दिले नाही.

हे न सांगता आले. यंत्र काढून माझ्या पर्समध्ये ठेवायला दिले आणि पहिल्या रांगेतली खुर्ची इतकी पुढे ओढली, की गुडघे मंचाला लागले. मग माझा अॅम्प्लिफायर मंचाच्या ज्या लाकडी फळीवर होता, तिच्यावर डावा हात ठेवून बसले. पाध्यांनी मला खुणेने विचारले, काय चाललंय? मी खांदे उडवले.

दोन गाणी छान झाली. तिसऱ्या गाण्यात भोईरांना चेव चढला. ऑक्टोपॅड गरजत होता, पाध्यांचा की-बोर्ड टिपेला होता, लोक ताल धरत होते. माझी बोटे बिनचूक पडत होती, मनगट दुखत नव्हते, आणि मला आयुष्यात प्रथमच गाणे सुरू झाल्यावर मंचावरून उतरायचे नव्हते.

तेवढ्यात हे उभे राहिले आणि, ऐकू न येणारी माणसे बोलतात तसे, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले,

"अगं, थांबलीस का?"

सभागृह हसले. माझी बोटे चाललेली सगळ्यांना दिसत होती. पाध्यांनी मान हलवून यांना बसण्याची खूण केली. मागून कोणी म्हणाले, "काका, बसा हो, काकू वाजवतायत!"

हे बसले नाहीत. फळीवरचा हात काढून त्यांनी माझ्याकडे बोट केले. "थांबू नकोस!"

मी खाली पाहिले. वायर भोईरांच्या पायाशी पडली होती.

मी वाकून ती उचलली आणि गिटारीत खोचली.

हे खाली बसले.