जावयाच्या चौदा काठ्या आणि पेणचं पॅकिंग

आमच्या घराण्यात कुणीही कधी गोल्फ खेळलेलं नाही. पण गोल्फच्या चौदा काठ्या विमानातून नेऊन, एकही न मोडता पोचवणारा माणूस म्हणून माझं नाव घ्यायला हरकत नाही. बायको हरकत घेते. जावई तर विषयच बदलतात. घेवो! बदलोत! मी मागे हटणार नाही.

समीरराव, म्हणजे आमचे जावई, धाटावच्या एका कंपनीत इंजिनिअर होते. त्यांची बंगळुरूला बदली झाली तेव्हा टेम्पोत सोफा बसला, फ्रिज बसला, आमच्या लेकीची, मनीषाची तुळस (कुंडीसकट!) बसली, पण गोल्फच्या काठ्यांची पिशवी काही बसेना. ती राहिली आमच्या रोह्याच्या घरी, कपाटावर. आठ महिन्यांनी आम्ही नवरा-बायको लेकीकडे निघालो. आयुष्यातला पहिला विमानप्रवास! निघायच्या आठवडाभर आधी जावयांचा फोन आला.

"बाबा, एक काम होतं. माझे क्लब आणाल का? पुढच्या रविवारी आमच्या मोठ्या साहेबांबरोबर मॅच आहे."

लग्नाला चार वर्षं झाली होती. दिवाळसणाला अंगठीसुद्धा नको म्हणणारा हा माणूस पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागत होता. सासरा म्हणून माझी ही पहिली परीक्षा. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"आणतो की! त्यात काय!"

"फक्त पॅकिंग नीट हवं. विमानतळावर सामान फेकतात. क्लब मोडतो तो मानेशीच, डोकं आणि दांडा जुळतो तिथे. बाजारात चाकांची खास बॅग मिळते, ती जर..."

इथे माझं टाळकं सटकलं. मी जन्माने पेणचा! माझा थोरला भाऊ तिथल्या रामवाडीत गणपतीचा कारखाना चालवतो. त्याच्याकडचे गणपती समुद्रापार जातात ते चार हात, दोन कान आणि सोंड शाबूत ठेवून. आणि लोखंडाच्या काठ्यांसाठी मी बॅग विकत आणू? पेणच्या माणसाने?

"अहो, एवढं सांगतायत तर आणू या ना बॅग," बायको म्हणाली.

"सुमन, हा आता पेणच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

"इभ्रत पेणची, काठ्या त्यांच्या!"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं (तीस वर्षांचा सराव आहे) आणि पिशवी एसटीत घालून दादाचा कारखाना गाठला. दादाने एक काठी उचलली, मूर्ती बघावी तशी चारी बाजूंनी फिरवून बघितली.

"ह्यात नाजूक काय हाय?"

"मान. दादा, बाकी काही होवो, मान हलता कामा नये!"

"नाय हलणार. जावयाचं काम हाय, मी सोता करतो. शनिवारी सकाळी टेम्पो घेऊन ये."

शनिवारी रोह्याहून टेम्पोने निघालो, पेणला थांबलो, तर दादाने चार फुटी लाकडी खोका तयार ठेवलेला. खिळे ठोकलेले, वरून गोणपाट, गोणपाटावर सुतळी आणि लाल रंगात हा भला मोठा बाण. चार माणसांनी तो टेम्पोत चढवला. रस्त्याने जाणाऱ्या एका म्हातारीने चपला काढून हात जोडले.

"आजी, आत गोल्फ आहे!"

"आसू दे रं बाबा. देव सगले सारखेच."

विमानतळावर काट्याने खोक्याचं वजन दाखवलं आणि काउंटरवरच्या मुलीने मान हलवली. काहीतरी कमी करावं लागणार होतं. खोका कमी होणं शक्य नव्हतं, म्हणून सुमनची बॅग उघडली. तांदूळ, कडवे वाल, पोह्यांच्या पापडांचे तीन डबे! वाल-तांदूळ टेम्पोवाल्याला परत बोलावून त्याच्या हवाली केले. पापड मात्र तिने सोडले नाहीत. तिन्ही डबे मांडीवर घेऊन विमानात बसेन म्हणाली.

पुढे तपासणीच्या यंत्रात खोका गेला आणि तिथल्या साहेबांनी यंत्रच थांबवलं.

"चाचा, ये अंदर चौदह गोले क्या हैं?"

"सिर हैं, साहब."

"किसके?"

आता गोल्फला हिंदीत काय म्हणतात? मी हातवारे करून चेंडू मारून दाखवला. साहेब दोन पावलं मागे सरकले आणि खोक्याची फळी काढायला लावली. आत भाताचा पेंढा, पेंढ्याखाली कागद, आणि कागदाखाली... मी बघतच राहिलो! प्रत्येक काठीच्या मानेला नारळाएवढा पांढराशुभ्र गोळा! काथ्या प्लास्टरमध्ये बुडवून घट्ट गुंडाळलेला, वाळून दगड झालेला. साहेबांनी एका गोळ्यावर टिचकी मारली, माझ्याकडे दयेने बघितलं आणि फळी पुन्हा ठोकायला सांगितली.

"अहो, हे निघणार कसं?" सुमनने विचारलं.

मी दादाला फोन लावला.

"दादा, मानेला प्लास्टर केलंस?"

"व्हय! काथ्या घालून! मोठी मूर्ती त्याच्या जिवावर उभी ऱ्हाते. तूच बोललास ना, मान हलायला नको?"

"अरे पण काढायचं कसं?"

प्रश्न त्याला नवीन असावा.

"काढायचं? आपल्या गणपतीचं कोण काढतो? तो सरल इसर्जनालाच जातो."

बंगळुरूला जावयांनी खोका उघडला. एक काठी उचलून त्यांनी उजेडात धरली.

"बाबा... यांना फ्रॅक्चर झालंय का?"

"छे! होऊ नये म्हणून!"

मग काठ्यांचं बाथरूममध्ये विसर्जन झालं. चौदा काठ्या, तीन बादल्या. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही हे दर भाद्रपदात पेपरात छापून येतं. मी ते दर भाद्रपदात वाचतो. तरी तासभर बादलीपाशी उभा राहिलो! शेवटी जावई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, मी बत्ता घेऊन आणि मनीषा उलथनं घेऊन बसलो. रात्री उशिरापर्यंत तीन काठ्या मोकळ्या झाल्या आणि माझा अंगठा सुजला. सुमन पापड तळत होती. तिन्ही डब्यांत मिळून एकही पापड तुटलेला नव्हता, हे तिने मला चार वेळा सांगितलं.

रविवारी समीरराव तीन काठ्या घेऊन खेळायला गेले आणि सपाटून हरले. मोठे साहेब इतके खूश झाले की त्यांनी जावयांना जेवायलाच नेलं. साहेबाला हरवून कुणाचं भलं झालंय? मी हे बोलून दाखवलं, तेव्हा जावयांनी बंगळुरूच्या पावसाचा विषय काढला. त्यानंतर आजतागायत त्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं नाही. समाधानी मुलगा आहे.

पण एकही काठी मोडली नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो! आणि यापुढेही मोडणार नाही. अकरा काठ्यांचं प्लास्टर अजून निघायचंय. कुणाची छाती असेल त्याने मोडून दाखवावी!