बाळंतपणाला दिलेलं लाकूड

आमच्या घाटघर गावात धोंड्याला मान आहे. रानातलं वाळलेलं लाकूड गोळा करायचं, फोडायचं, पायवाटेच्या कडेला रचायचं आणि वर एक धोंडा ठेवायचा. धोंडा ठेवला की ते लाकूड तुमचं. मग ते उद्या न्या नाहीतर पंधरवड्यानं, कोणी काडी उचलत नाही. आमच्याकडे भांडणं बांधावरून होतात, पाण्यावरून होतात, परड्यात शिरलेल्या कोंबडीवरूनसुद्धा होतात. धोंडा ठेवलेल्या लाकडावरून झालेलं भांडण मी त्या वर्षापर्यंत ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आली. दिवस आषाढात भरणार होते. आमचा आषाढ म्हणजे नाणेघाटातून वर आलेलं धुकं घरात येऊन बसतं. भिंती ओलावतात, गोधडी वाळत नाही, वीज गेली की येण्याचं नाव घेत नाही. अशा दिवसांत बाळ-बाळंतिणीला बाजेवर निजवतात आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. घरात गॅस होता, पण गॅसवर चहा होतो, खोली ऊब धरत नाही. त्यात दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बहिणीला बजावून सांगितलं होतं की खोलीत धूर करू नका, बाळाच्या छातीत बसतो. धूर नको म्हणजे निखारा हवा, आणि चांगला निखारा पडायला लाकूड खडखडीत वाळलेलं आणि कठीण हवं. ते आभाळ फुटायच्या आत घरात यायला हवं. नंतर रानात फक्त भिजलेलं लाकूड मिळतं.

वडील टोमॅटोच्या सीझनला नारायणगावात हमालीला होते. त्यामुळे लाकूड आई आणि मी आणायचं ठरलं. मी जुन्नरला कॉलेजात शिकत होते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील मोर्च्यांना, सभांना जायचे आणि येताना पत्रकांचे गठ्ठे आणायचे. ‘पाणी आमच्या हक्काचं’ या ओळीवर मी अक्षरं जुळवायला शिकले. त्यामुळे कुठल्याही गोष्टीत हक्क कुणाचा हे मला आधी दिसायचं आणि बाकीचं नंतर.

गावाच्या वरच्या उतारावर आदल्या पावसाळ्यात ऐनाचं एक मोठं झाड आडवं झालं होतं. उतार गावातल्याच एका कुटुंबाच्या मालकीचा, पण ते पुण्यात राहायला गेले होते आणि पडलेलं लाकूड तिथून सगळेच आणत आले होते. आम्ही दोघी सकाळी जायचो. मी कुऱ्हाडीनं खोडाला चीर पाडायची, आई त्यात लोखंडी पाचर धरायची आणि मी घण घालायचा. पाचर धरताना आई माझ्याकडे बघायची नाही, फक्त पाचरीकडे. मी घाव हळू घालायचे, कारण खाली तिची बोटं असायची.

“हळू मारलंस तर पाचर उडंल आन् माझ्या तोंडावर येईल,” ती म्हणायची. “जोरात मार. भ्यायचं असंल तर घरी जाऊन भी.”

ओंडका फुटताना आधी बारीक करकर ऐकू यायची आणि मग एकदम दोन फाका व्हायच्या. आमच्याबरोबर त्या उतारावर आणखी दोन घरची लाकडं पडत होती. एक घर दोघी जावांचं, त्यांच्याकडे पुरुषमाणसं होती आणि घरी आधीचाही साठा होता. दुसरं घर म्हणजे वरच्या अंगाला एकट्या राहणाऱ्या काकू. नवरा गेलेला, लेक नाशिकला कंपनीत. काकूंचे गुडघे धरलेले, पावसाळ्यात छाती भरायची. त्या जाड लाकूड फोडू शकत नव्हत्या, म्हणून महिनाभर फांद्याच तोडून रचत होत्या. त्यांच्या राशीवरचा धोंडा सगळ्यात लहान असायचा, कारण मोठा उचलवत नव्हता.

एका दुपारी आम्ही उतारावर पोचलो तर राशी नव्हत्या. धोंडे इकडेतिकडे पडले होते आणि खाली वाटेवर ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत आमची, जावांची, काकूंची लाकडं एकत्र भरलेली. पलीकडे झाडं तोडायचं मशीन घरघरत होतं. पुण्यातल्या मालकानं उतारावरची झाडं ठेकेदाराला दिली होती. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

ठेकेदाराचा मुकादम पेठच्या बाजूचा, डोक्याला रुमाल बांधलेला, तोंडात तंबाखू. मी त्याला म्हटलं, “हे लाकूड आमचं आहे. उतरवा.”

“तुमचं? मालकानं उभं-आडवं समदं दिलंय, ताई.”

“वर धोंडे ठेवले होते.”

“व्हते की. आमाला वाटलं वाऱ्यानं उडू नये म्हून ठेवलेत.”

“लाकूड वाऱ्यानं उडतंय व्हय, राव?” ट्रॅक्टरवरून ड्रायव्हर हसला.

“मग तू सांग ना काय असतंय ते,” मुकादम त्याच्यावर डाफरला. “आमच्याकडं बांधाला धोंडा लावत्यात. लाकडाला कोन लावतंय?”

मी ट्रॉलीच्या पुढे जाऊन वाटेत बसले. वहिवाट काय असते ते सांगितलं. मेलेलं झाड मालकीच्या झाडात धरत नाहीत हे सांगितलं. आम्ही हे लाकूड आमच्या मेहनतीनं फोडलं, मालकानं पुण्यात बसून त्यातली एक काडी तरी फोडली का, हे विचारलं. माझा आवाज चढत गेला तसे तोडणारे लोक मशीन बंद करून ऐकायला आले. तोवर जावा आल्या, काकू काठी टेकत आल्या.

“भाषान लई झकास झालं,” मुकादम म्हणाला. “पर आभाळ बघा. पाऊस आला तर ट्रॉली हितंच रुतंल. तुमी तीन घरं. ज्याचं त्याचं निवडत बसलो तर मला दिवस पुरायचा न्हाई.”

आई आतापर्यंत गप्प होती. ती म्हणाली, “भाऊ, माझी लेक बाळंतपणाला आलीया. पुढल्या महिन्यात हाय. शेकाला लाकूड लागंल म्हून फोडलंय.”

मुकादमानं तंबाखू थुंकली. त्याचा चेहरा बदलला. “हे आधी सांगायचं. बाळंतिनीचं लाकूड मी नेत न्हाई. माझ्याबी घरात लेकी हायेत.” मग त्यानं ट्रॉलीकडे पाहिलं. “यातलं बाळंतिनीचं किती? समदं तुमचंच हाय?”

आईनं जावांकडे आणि काकूंकडे पाहिलं.

“समदं बाळंतिनीचंच असंल तर आत्ताच्या आत्ता तुमच्या दारात ओतून देतो, दुसऱ्यांचं मातर नेनार. पर मला गंडवायचं न्हाई. समदं तुमचंच असंल तर पोटातल्या लेकराची आण घ्या.”

“मी घेते,” मी उठून म्हटलं. माझ्या लेखी आण म्हणजे तोंडातून काढलेली वाफ. त्या वाफेनं तीन घरांचं लाकूड सुटत असेल तर माझी हरकत नव्हती.

“तुमची न्हाई चालायची,” मुकादम म्हणाला. “तुमी कशाचीबी घ्याल. आईनं घ्यायची.”

माझ्यासाठी ती वाफ होती, आईसाठी ते बाळ होतं. खोटं बोलली तर बाळावर येणार आणि खरं बोलली तर काकूंचा आणि जावांचा पावसाळा ट्रॉलीतून निघून जाणार. ती माझ्याकडे बघत नव्हती. घण घालतानासारखीच ती समोर बघत होती.

काकू पुढे आल्या. त्यांनी वाटेवरून एक धोंडा उचलला, आईच्या हातावर ठेवला आणि मुकादमाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “माझं लाकूड तुला दिलं. लेकीच्या बाळंतपणाला दिलं.”

मग थोरल्या जावेनं दुसरा धोंडा ठेवला. “आमचंबी दिलं.”

मुकादमानं ‘घ्या’ म्हणून आईकडे मान केली. आईनं धोंडे हातात तसेच धरून आण घेतली. आता ती खरी होती. ड्रायव्हरनं ट्रॉली आमच्या दारात आणून ओतली आणि पडवी छपरापर्यंत भरली.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. हक्काचं होतं ते आम्ही दान म्हणून मिळवलं होतं, आणि दानही कुणाचं, तर जिच्याकडे दुसरं काही नव्हतं तिचं. मी आईला म्हटलं, “उद्या काकूंचं परत देऊन येते.”

“न्हाई.”

“आई, त्यांच्या घरात काहीच नाही.”

“मला म्हाईत न्हाई व्हय?” ती म्हणाली. “दिलेलं परत गेलं की ते कधी माझं नव्हतंच. मग माझी आण खोटी. एक ढलपीसुद्धा जायाची न्हाई.”

“आणबिण काही नसतं.”

“तुझी नसंल. माझी हाय. आन् लेकरू तिचं हाय,” तिनं बहिणीकडे बोट केलं. बहीण भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात पोटावर ठेवून ती आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली.

पाऊस लागला तसं जावांचं काही अडलं नाही. काकूंच्या छपरातून मात्र दिवसभर पिवळा धूर निघायचा. त्या कुंपणाची ओली काटकी जाळत होत्या. आई रोज भाकरी-कालवण पाठवायची, मी डोक्यावर इरलं घेऊन पोचवायचे आणि त्यांचा खोकला दारापर्यंत ऐकू यायचा. चौथ्या-पाचव्या खेपेला मी भाकरीबरोबर इरल्याखाली लाकडाची छोटी मोळी घेतली. पाण्यानं भिजू नये म्हणून खताच्या पिशवीत गुंडाळली होती.

काकूंनी मोळी पाहिली आणि दारातच हात आडवा लावला. “ही मागं ने.”

“काकू, तुमचीच आहे.”

“माझी न्हाई. मी दिली. परत घेतली तर तुझ्या आईचं काय हुईल? आन् त्या लेकराचं?”

“काही होत नाही.”

“झालं म्हंजी? तू निस्तरशील?”

मी पागोळ्यांखाली उभी होते. हक्क, वहिवाट, मेहनत, समता, माझ्याकडे होतं ते सगळं तिथं वाहून जात होतं आणि समोर एक बाई थंडीनं कुडकुडत लाकूड नको म्हणत होती. मला तिचाही राग आला, आईचाही, त्या मुकादमाचाही. मग पत्रकं वाचताना लागलेली सवय कामी आली. नेमकं काय म्हटलंय आणि काय म्हटलेलं नाही ते बघायचं.

“तुम्ही घेऊ नका,” मी म्हटलं. “लाकूड आमचंच राहील. मी आमचं लाकूड तुमच्या चुलीत जाळते. तुम्ही हात लावू नका.”

काकूंनी मोळीकडे पाहिलं. मग आडवा हात खाली आला. “जाळ बाई. तुझं लाकूड, तुझा धूर.”

मी चूल पेटवली. काकू पाय पोटाशी घेऊन शेजारी बसल्या आणि त्यांनी हात साडीत गुंडाळून घेतले, चुकून लाकडाला लागू नयेत म्हणून.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती पडवीत ओंडका फोडत होती. कुऱ्हाड लाकडातच राहिली.

“तिनं हात लावला?”

“नाही.”

“पेटवलं कुनी?”

“मी.”

“लाकूड आत सारलं कुनी?”

“मीच. निखारे पडेपर्यंत बसले होते.”

आईनं कुऱ्हाड हलवून मोकळी केली. “रोज जात जा मग. आन् तिला फुंकर बी मारू देऊ नको.”

बहीण दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, वजन कमी. जीपमधून धुक्यातून घरी आणली तेव्हा तिचे पाय थंडगार होते आणि नखं निळसर दिसत होती. आईनं तिला बहिणीच्या पोटाशी ठेवलं, बाजेखाली शेगडी सरकवली आणि दार ओढून घेतलं. त्यानंतर माझे दिवस दोन विस्तवांमधल्या पळापळीत गेले. रास कमी होत होती आणि पाऊस हटत नव्हता. आई सकाळी पडवीत उभी राहून राशीकडे बघायची. मला थांब म्हणाली नाही, पण मोळी बांधायला लागले की तिची नजर माझ्या हातांवर असायची.

एका दुपारी मी काकूंकडे चूल पेटवत होते. पाचोळा सर्द झाला होता, जाळ धरत नव्हता. खालून आईची हाक आली, मग पुन्हा, घाईची. शेगडी विझत आली होती आणि आई बाळाला तेल लावत होती, तिचे हात मोकळे नव्हते. मी उठले. चुलीत एक ठिणगी होती, फुंकली तर राहिली असती.

“तू जा,” काकू म्हणाल्या, “लेकरू बघ.” आणि बोलता बोलता त्या चुलीकडे वाकल्या. गाल फुगलेले.

“काकू, फुंकू नका.”

मी त्यांच्या खांद्याला धरलं. त्यांना थांबवण्यात कसलं तत्त्व होतं ते मला आजही सांगता येत नाही. आण म्हणजे वाफ असं मी तेव्हाही मानत होते. खालून पुन्हा हाक आली. मी गुडघ्यांवर बसले, तोंड राखेजवळ नेलं आणि छातीत होता तेवढा श्वास लावून फुंकलं. ऐनाच्या ढलपीनं कडेनं पेट घेतला. काकूंनी गाल मोकळे सोडले आणि त्या मागं सरकल्या.

“आता पळ,” त्या म्हणाल्या. मी चिखलातून खाली पळाले, पडवीतली फोडलेली लाकडं चुलीत घातली, निखारे पाडले आणि शेगडी भरून बाजेखाली सरकवली. आईनं तेलकट हातांनीच बाळाचे तळवे निखाऱ्यांच्या दिशेनं धरले. “तिकडं पेटली?” तिनं मान वर न करता विचारलं.

“पेटली. मी पेटवली.”

थोड्या वेळानं आईनं बाळाचा एक तळवा माझ्या गालाला लावला. कोमट झाला होता.